असीरगड फक्त लाचेने पडला?

असीरगड म्हणजे बुऱ्हाणपूरजवळचा, खानदेशच्या फारुकी सुलतानांचा किल्ला. 'अकबराने सोनं वाटलं म्हणून असीरगड पडला, नाहीतर फारुकी अजून टिकले असते' हे अर्धंच पटतं. लाचेची गोष्ट अकबराबरोबर असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांतून येते. अकबराचा इतिहासकार अबुल फजल मात्र गडावरच्या रोगराईला दोष देतो, आणि मला ते कारण हलकं वाटत नाही. वेढ्यात माणसांबरोबर गुरंही वर कोंडली गेली, घाण साचली, माणसं मरू लागली. त्यात १६०० च्या डिसेंबरात बाहेरचा माळीगड गेला, मग शेवटचा फारुकी सुलतान बहादूरखान स्वतः खाली उतरला आणि अकबराच्या कैदेत अडकला. तरी शिबंदी जानेवारी १६०१ पर्यंत लढली, हे विसरू नये!

आणि आपल्या नाशिककडे बघताना एक गल्लत टाळा: सटाणा, साल्हेर, मुल्हेर म्हणजे फारुकींचं खानदेश नव्हे. ते राठोडांचं बागलाण, फारुकींनंतरही १६३८ पर्यंत टिकलेलं. फारुकींची सुरुवात पाहायची तर तापीकाठी, शिरपूरजवळच्या थाळनेरला जावं. तिथल्या घुमटांखाली त्यांच्या पहिल्या पिढ्या आहेत. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत तर अरबीच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे, त्यात या घराण्याची वंशावळ कोरलेली. तो नीट वाचला जावा असं फार वाटतं.