घोड्यांच्या सोबतीने पीटीएसडीवर उपचार: सत्रात नेमकं काय करतात?

मृदुला_स

नमस्कार मंडळी. मी समुपदेशक आहे. निवृत्त सैनिक आणि अग्निशमन दलातले जवान यांच्यासाठी गट चालवण्याचा विचार आहे, त्यासाठी माहिती जमवते आहे. अमेरिकेत माजी सैनिक, पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांना पीटीएसडीसाठी (जबर आघातानंतर मागे लागणाऱ्या मानसिक विकारासाठी) घोड्यांबरोबर काम करायला देतात, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. पण "घोड्याला माणसाचं मन कळतं" याच्या पुढे कोणी जात नाही. घोड्यावर बसवतात का? दीड तास माणूस करतो काय? त्याने लक्षणं कमी का व्हावीत? आणि कुठे फसतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

दख्खनी_पागा

मृदुलाताई, पीटीएसडीसाठीच्या बऱ्याच कार्यक्रमांत घोड्यावर बसवत नाहीत. घोडेस्वारीतून शरीराचं पुनर्वसन ही वेगळी शाखा आहे. आज 'पाथ इंटरनॅशनल' म्हणतात ती संस्था त्यासाठीच १९६९ मध्ये सुरू झाली. घोड्यांच्या मदतीने मानसोपचार करणाऱ्यांची संस्था 'इगाला' १९९९ मध्ये स्थापन झाली; तिच्या पद्धतीत सगळं काम जमिनीवर उभं राहून होतं आणि रिंगणात दोघं हजर लागतात: एक मानसोपचाराचा तज्ज्ञ, एक घोड्यांचा जाणकार. माजी सैनिकांच्या पीटीएसडीवर घोड्यांसह उपचार तपासणाऱ्या, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या 'मॅन ओ' वॉर' प्रकल्पातही स्वारी नाही. आठवड्याला एक, दीड तासाचं, अशी ८ सत्रं, लहान गट आणि दोन घोडे.

पहिल्या सत्रात कुंपणाबाहेरून नुसतं बघायचं. कान कुठे वळलेत, वजन कोणत्या पायावर आहे, शेपूट कशी हलते आहे. "तो रागावलाय" असं कोणी म्हणालं की विचारायचं, "तुम्हाला दिसलं काय?" दिसलेलं आणि मनाने जोडलेलं वेगळं करायला इथेच शिकवलं जातं, आणि पुढचा निम्मा उपचार यावरच उभा असतो.

मग जवळ जाणं. घोड्याला बरोबर नाकासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही, म्हणून खांद्याच्या दिशेने तिरकं, बोलत बोलत जायचं. हाताची पाठ पुढे करून वास घेऊ द्यायचा. त्याने मान वळवली तर तिथेच थांबायचं, एक पाऊल मागे. त्यानंतर खरारा: गोल दातांचा रबरी ब्रश मान, खांदा, पुठ्ठा अशा मांसल भागावर गोल फिरवायचा, गुडघ्याखालच्या हाडांवर कधीच नाही, मग मऊ ब्रश केसांच्या दिशेने. घोड्याने डोकं खाली सोडलं, ओठ चघळले, मागचा एक पाय सैल टेकवला की तो निवांत झाला असं समजावं.

तिसऱ्या-चौथ्या सत्रापासून म्होरकी घालून चालवणं. दोर १० ते १२ फुटांचा, सुती. तो हाताभोवती कधीही गुंडाळायचा नाही, घड्या घालून मुठीत धरायचा. घोडा बिचकून उसळला तर गुंडाळलेला दोर बोटं घेऊन जातो. चालायचं, थांबायचं, दोन पावलं मागे घ्यायचं. शेवटच्या सत्रांत हेच दोर सोडून, जोडीने.

आता कारण. घोडा शिकार होणारा प्राणी आहे, धोका हेरणं हा त्याचा स्वभाव. आघातातून गेलेला माणूसही सतत पहारा देत असतो, पण त्याला स्वतःला ते जाणवेनासं झालेलं असतं. तो श्वास धरून, खांदे वर चढवून दोर ओढतो, आणि घोडा मान उंचावून तिथेच गाडल्यासारखा उभा राहतो, कारण ओढलं की घोडा उलटाच जोर लावतो. माणसाने मूठ सैल केली, ४ आकडे श्वास आत आणि ६ आकडे बाहेर असं दोन-तीनदा केलं, नजर घोड्यावरून काढून जायचं त्या दिशेला लावली, की बहुतेक वेळा घोडा पाऊल टाकतो. शरीर शांत केल्याचं उत्तर काही सेकंदांत, समोर, ५०० किलोच्या देहातून मिळतं. ते तोंडदेखलं नसतं, म्हणून ज्यांचा कोणाच्याच शब्दावर विश्वास उरलेला नाही त्यांनाही पटतं.

मात्र घोडा हा उपचार नव्हे. "आत्ता काय बदललंत? घरी मुलगा खोलीत येतो तेव्हा खांदे कसे असतात?" हा प्रश्न त्याच क्षणी विचारणारा तज्ज्ञ नसेल, तर ती घोड्यांबरोबरची छान सकाळ होते, इतकंच.

खरारा

वरचं सगळं बरोबर. फसतं कुठे ते मी लिहितो, कारण सुरुवातीला बऱ्याच गोष्टी तिथेच मोडतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नालबंद. गरम नाल खुराला लावला की धूर निघतो आणि जळक्या केसांचा वास सुटतो. खूर आणि केस एकाच द्रव्याचे बनलेले आहेत. आगीतून माणसं काढलेल्या जवानाला तो वास क्षणात कुठे घेऊन जाईल हे वेगळं सांगायला नको. नालबंदी सत्राच्या दिवशी ठेवायचीच नाही. वास शेडमध्ये बराच रेंगाळतो.

दुसरं, आवाज. पत्र्याचं छप्पर, लोखंडी फाटकाचा दणका, ट्रॅक्टरचा फटका. घोडा आणि माणूस एकाच वेळी बिचकले तर आवरायला दोन जाणकार लागतात. सगळ्या फाटकांना रबराचे तुकडे लावा, ट्रॅक्टर बंद ठेवा, दिवाळीच्या आठवड्यात सत्र घेऊच नका. रिंगणाला दोन वाटा ठेवा आणि त्या आधी दाखवा. पाठ उघड्या दाराकडे करून उभं राहायला सांगितलं तर यातल्या अनेकांचं लक्ष पूर्ण वेळ पाठीमागेच राहतं.

तिसरं, हुकमी आवाज. सैनिक-पोलिसांचा घोडा जागचा हलला नाही की आवाज चढतो, घोड्याचे कान मागे चिकटतात, डोळ्याचं पांढरं दिसतं. इथे "हळू बोला" असं सांगू नका, त्याने माणूस ओशाळतो. दोर जाणकाराने घ्यावा, माणसाला चार पावलं बाजूला न्यावं, पाय जमिनीला लागलेले जाणवताहेत का विचारावं आणि मग पुन्हा दोर द्यावा. नजर एका जागी थिजली, हाकेला ओ नाही, असं दिसलं तर मात्र घोडा बाहेर काढायचा. त्या दिवशी पुन्हा दोर द्यायचा नाही.

आणि एकाच गटात साहेब आणि त्यांच्या हाताखालचे नकोत. अग्निशमन दलात हे फार होतं. फायर स्टेशन तेच असेल तर कोणी तोंड उघडत नाही, आणि सगळे घोड्याबद्दलच बोलून घरी जातात. रात्रपाळी उतरल्या उतरल्याही सत्र नको: झोप न झालेल्या माणसाला घोड्याचे इशारे उशिरा कळतात, आणि पावलावर खूर पडतो. बूट बंद, टाचेचे हवेत.

निशिगंधा_मनोचिकित्सा

पुराव्याबद्दल थोडं, कारण इथे अतिशयोक्ती फार चालते.

कोलंबियाचा युवाल नेरिया, प्रूडन्स फिशर वगैरेंचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ६३ माजी सैनिक; निम्म्याहून किंचित अधिक जणांची लक्षणं लक्षणीय कमी झाली आणि ३ महिन्यांनंतरच्या तपासणीतही तो फरक टिकला. मधेच सोडून जाणारे थोडे होते, आणि आघाताचे नेहमीचे उपचार अनेक जण अर्धवट सोडतात हे पाहता मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून सुधारणेतला वाटा घोड्याचा किती, गटाचा किती, हे त्यावरून ठरत नाही. सिद्ध उपचार आजही पीई (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं), सीपीटी (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम) हेच आहेत. घोड्यांचं काम त्यांच्या जोडीला, किंवा आघाताबद्दल बोलायची तयारीच नसलेल्या माणसाला उपचाराच्या दारापर्यंत आणायला. चालू औषधं यासाठी बंद करू नयेत.

औषधांवरून एक सूचना. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन घेणाऱ्यांचा रक्तदाब उभं राहताना घसरू शकतो. खूर साफ करायला वाकून माणूस झटकन सरळ झाला की भोवळ, आणि ती घोड्याच्या पायाशी. अशांना सुरुवातीला खुराचं काम देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. सक्रिय भ्रम, नशेत येणं, प्राण्यांना छळल्याचा इतिहास, आटोक्यात नसलेला दमा किंवा फिट्स असतील तर घेऊच नये.

मृदुला_स

सगळ्यांचे मनापासून आभार. नालबंदीचा मुद्दा मला सुचलाच नसता. शेवटचं एक: पुण्याजवळ करायचं तर घोडे कोणते घ्यावेत? शर्यतीतले निवृत्त घोडे मिळू शकतात असं कळलं.

दख्खनी_पागा

शर्यतीचा घोडा ट्रॅकवरून थेट आणू नका. त्याला पळायला शिकवलेलं असतं, उभं राहायला नाही. किमान काही महिने मोकळं कुरण, इतर घोड्यांची संगत आणि नव्याने शिकवणं लागतं, तरीही सगळे जमत नाहीत. वय ८ ते १८, पायाने धड, आणि कुतूहल असलेला घोडा बघा. निवडताना त्याच्यासमोर छत्री उघडा, पिशवी फडफडवा. बिचकला तर चालेल, पण मिनिटभरात परत वास घ्यायला आला पाहिजे. अजिबात न हलणारा घोडा मात्र नको: मार खाऊन सुन्न झालेला घोडा काहीच उत्तर देत नाही, आणि उत्तर मिळणं हेच तर इथलं काम आहे. मेंढपाळांकडचा भीमथडी जातीचा घोडा अंगाने लहान, काटक असतो. उंच घोड्याला घाबरणाऱ्यांसाठी तो उत्तम.

एका घोड्याला दिवसाला एकच गट द्या. ब्रश बघून तो तोंड फिरवायला लागला, शेपूट झटकायला लागला, तर आठवडाभर सुट्टी.

घोडा खरेदी करण्याआधी ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाऊ शकतो. हा रोग माणसालाही होतो आणि लस नाही. गटातल्या प्रत्येकाचा धनुर्वाताचा डोस झालेला असावा. आणि दोन सत्रांमध्ये कोणाची रात्र वाईट गेली तर फोन कुठे करायचा हे पहिल्याच दिवशी लिहून द्या: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.