बाळसखी कुणाला आठवली?

२०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलबद्दल असं म्हटलं जातं, की भारतात जन्मलेल्या अभिजित बॅनर्जींचं नाव जाहीर झाल्यावर आपल्याकडे चर्चा फक्त ते कुठल्या पक्षाच्या जवळचे, एवढीच झाली. पटलं. पण मला त्याहून जास्त टोचलं ते त्यांच्यासोबतच हे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांच्याबाबतीत. ४६ व्या वर्षी हे पारितोषिक मिळवणारी आजवरची सर्वात तरुण व्यक्ती, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यानंतरची दुसरीच स्त्री, आणि आपल्याकडच्या काही मथळ्यांत त्या नुसत्या बॅनर्जींच्या 'पत्नी'! तिसरे मानकरी मायकेल क्रेमर तर बहुतेकांच्या गावीही नव्हते.

यात या तिघांचं काम मात्र बाजूलाच राहिलं. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या मुंबईत, महापालिकेच्या शाळांमध्ये झाला (दुसरा भाग बडोद्यात). तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, म्हणजे 'बाळसखी', रोज दोनेक तास वेगळं बसवून वाचन आणि गणित शिकवायची. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा हा उपक्रम. कोणत्या वर्गांना बाळसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणून तुलना प्रामाणिक झाली. मुलांचे गुण खरंच वाढले, आणि सर्वात मागे असलेल्यांना सर्वात जास्त फायदा झाला.

बॅनर्जी आपले की परके यावर आठवडाभर भांडणाऱ्या वाहिन्यांपैकी एकीनेही त्या शाळांत जाऊन एखाद्या बाळसखीला बोलतं केलेलं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. कुणी पाहिलं असेल तर जरूर सांगा, मला ते मनापासून बघायचंय.