मदत हवी आहे: ऑफिसात आवाज घुमतोय, फोम लावून फरक पडेल का?

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आमचं अकाउंट्सचं ऑफिस आहे. 20 बाय 14 फुटांची एकच खोली. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, रस्त्याकडे अख्खी काच. आम्ही सहाजण, आणि सहाहीजण फोनवर. कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये. परवा उद्यमबागच्या एका फौंड्रीवाल्याला जीएसटीचा आकडा सांगत होतो, तर तो म्हणतो, "ओ, तुमच्या मागचा काय बोलालाय तेच जास्त ऐकू यालंय की!" फौंड्रीत बसून हा आम्हाला गोंगाट सांगतोय!

टाळी वाजवली की मागून टण्ण असं शेपूट येतं. दुकानदार अंड्याच्या ट्रेसारखा 1 इंची फोम दाखवतोय. सुतार म्हणतो, थर्माकोल मारू, निम्म्यात काम होतं. कुणाचं ऐकू? गेट पडलं की हॉर्न सुरू होतात, तेही थांबतील का? शिवाय पावसाळ्यात एक भिंत ओल धरते.

उत्तर: थर्माकोल अजिबात नको. त्याच्यात हवाच शिरत नाही, मग आवाज कुठून जिरणार? वर पेटतो झटकन. फोमच्या बारीक छिद्रांतून हवा घासत जाते तेव्हा आवाज मरतो. दुकानात तुकडा तोंडाशी धरून फुंका, पलीकडे तळहाताला वारा लागला पाहिजे. 1 इंची फोम फक्त चिरका आवाज खातो. माणसाच्या बोलण्याला 2 इंची घ्या. आग लवकर न धरणारा आहे याचा चाचणी दाखला मागा, तोंडी "आहे हो" चालत नाही.

चारही भिंती मढवू नका. आधी छत, मग काचेसमोरची भिंत. ओल्या भिंतीला चिकटवलात तर बुरशी ठरलेली. लाकडी चौकटीत बसवून मागे इंचभर फट सोडा; फटीमुळे जाड आवाजही थोडा जास्त जिरतो. हॉर्नचं मात्र विसरा. फोम आतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. त्याला जाड काच आणि खिडकीच्या फटींना रबर.

धागाकर्ता: आभारी आहे. आत्ताच दुकानात फुंकून आलो, दुकानदार बघतच राहिला! सुताराच्या तुकड्यातून काहीच आलं नाही, फोममधून वारा लागला. दाखला विचारल्यावर मात्र "उद्या बघतो" म्हणाला. आता एकच अडचण: स्लॅबला दोन पंखे आहेत, आणि घरमालक वर भोकं पाडू देत नाही. नुसत्या डिंकावर 2 इंची फोम छताला टिकतो का, कुणी लावलाय?