कच्च्या तेलातली माशी की खाऱ्या सरोवरातली?

गॅरेजवाले, सोलापूर: अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. जळक्या ऑइलच्या डब्यात पडलेली माशी जिवंत निघालेली मी पाहिली नाही. मुलगी सांगते, एका माशीच्या अळ्या कच्च्या तेलातच वाढतात, दुसरीच्या खाऱ्या सरोवरात. खरंय का? जास्त अवघड कुणाचं?

कीटकप्रेमी: खरं आहे दादा. दोन्ही कॅलिफोर्नियातल्या, आणि एकाच कुळातल्या. पहिलीच्या अळ्या लॉस एंजेलिसच्या ला ब्रियासारख्या ठिकाणी, जमिनीतून झिरपणाऱ्या तेलात राहतात. आतडं तेलानं भरलेलं असतं, पण पोट भरतं ते तेलात अडकून मेलेल्या किड्यांवर. शेपटाकडची श्वासछिद्रं वर काढून हवा घेतात. नवल म्हणजे मोठी माशी तेलावर आरामात चालते, पण पायांऐवजी पंख किंवा पोट टेकलं की तीही चिकटून मरते!

रसायनवाल्या मॅडम: मोनो सरोवरातलीला कमी लेखू नका. पाणी समुद्राच्या सुमारे तिप्पट खारं, सामू (pH) १० च्या आसपास, म्हणजे आम्लाच्या उलट, चांगलंच अल्कधर्मी. अळ्या शेवाळ खातात, आणि शरीरात शिरलेला कार्बोनेट कॅल्शियमबरोबर बांधून खास ग्रंथीत चुनखडी करून साठवतात. मोठी माशी हवेच्या बुडबुड्यात बसून पाण्याखाली उतरते, अंगावरच्या दाट मेणचट केसांमुळे कोरडीच वर येते. माझं मत हिलाच.

गॅरेजवाले, सोलापूर: मॅडम, माझं मत तेलवालीला. ऑइल अंगाला लागलं की काय होतं, मी रोज बघतो. आपल्या लोणारचं पाणीही खारं ना? तिथं अशी माशी आहे का?