वॉस्प्स : सहा वेळा इंग्लंडचे विजेतेपद मिळवूनही हा रग्बी क्लब का बुडाला?

जिज्ञासू :
लंडनमध्ये 1867 साली स्थापन झालेल्या वॉस्प्सने 1990 ते 2008 या काळात सहा वेळा इंग्लंडचे अजिंक्यपद आणि 2004 व 2007 साली हाइनिकेन चषक, म्हणजे युरोपातील क्लबांचे अजिंक्यपद, पटकावला. तरीही ऑक्टोबर 2022 मध्ये तो दिवाळखोरीमुळे नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि 167 खेळाडू व कर्मचारी एका झटक्यात बेकार झाले. केवळ कोरोनाकाळातील नुकसानीने असे घडेल, हे पटत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

हिशेबनीस :
कोरोना हे निमित्त झाले, मूळ दुखणे कर्जाचे होते. डिसेंबर 2014 मध्ये क्लब लंडन परिसर सोडून कॉव्हेन्ट्रीला, सुमारे 32 हजार आसनांच्या रिको अरीनात गेला आणि ते मैदान चालवणारी कंपनीही त्याने विकत घेतली. त्यापायी झालेली देणी फेडण्यासाठी 2015 साली साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे काढण्यात आले. व्याज साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे 23 लाख पौंड, आणि मुद्दल मे 2022 मध्ये एकरकमी परत करायचे. नवे कर्ज काढून जुने फेडू, हा बेत फसला. त्यातच थकलेल्या करासाठी सरकारी खात्याने तगादा लावला.

सडबरीकर :
हिशेब बरोबर आहे, पण सुरुवात आणखी मागे जाऊन शोधावी लागेल. 1923 पासून क्लबचे सडबरी येथे घरचे मैदान होते. 1995 साली रग्बी युनियनमध्ये मानधनाला परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघ लॉफ्टस रोडवर, क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल क्लबच्या मैदानावर खेळू लागला. 2002 पासून हाय विकम या गावातले मैदान, तेही दुसऱ्या फुटबॉल क्लबचेच. गंमत अशी की सुवर्णकाळ नेमका या बिऱ्हाडातच आला. 2004 च्या हाइनिकेन चषकाच्या अंतिम सामन्यात तुलूझ या फ्रेंच क्लबशी 20-20 अशी बरोबरी असताना वॉस्प्सच्या हाउलीने कडेने लाथाडलेला चेंडू गोलरेषेपलीकडे जाईल म्हणून तुलूझचा प्वात्रनो थांबून राहिला, तेवढ्यात मागून धावत आलेल्या हाउलीनेच तो जमिनीला टेकवून गुण मिळवले आणि सामना 27-20 असा जिंकला. असा संघ दहा हजारांच्या मैदानावर खेळत असेल, तर तिकिटांचे उत्पन्न वाढणार तरी कुठून? म्हणून मोठ्या मैदानाचा मोह मला समजू शकतो. तो उधारीवर पुरवला, ही चूक.

हिशेबनीस :
मान्य. मात्र त्याच हंगामात वूस्टर आणि लंडन आयरिश हे क्लबही कोसळले, हे ध्यानात घ्यावे. खेळाडूंचे पगार उत्पन्नाच्या पुढे धावत होते आणि धनाढ्य मालकाने खिशात हात घातल्याशिवाय बहुतेक क्लबांचा ताळेबंद जुळत नव्हता.

जिज्ञासू :
दोघांचेही आभार. मग वॉस्प्स हे नाव आता पूर्णपणे मिटले, असे समजायचे का?

सडबरीकर :
नाही. व्यवसायीकरणाच्या वेळी हौशी खेळाडूंची शाखा वेगळी झाली होती. वॉस्प्स एफसी या नावाने ती पश्चिम लंडनमध्ये ॲक्टन येथे खेळते आणि या दिवाळखोरीची झळ तिला थेट लागली नाही.