अनुभव धागा: घरी शिकणाऱ्या मुलांना तर्कशास्त्र कुठून सुरू करून दिलंत?

गुहागरची आई
लेक चौदाची आहे, शाळा सोडलीय, एनआयओएसमधून (शाळेत न जाता परीक्षा देता येते ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय) दहावी देणार. वाद घालण्यात पटाईत, पण मुद्दा हातातून निसटायला लागला की आवाज चढतो (हे माझ्याकडून आलंय असं सासूबाईंचं मत). म्हणून म्हटलं तर्कशास्त्र नीट शिकूदे. परीक्षेसाठी नाही, असंच. शोधायला गेलं की अमेरिकन होमस्कूलवाल्यांचीच पुस्तकं समोर येतात, डॉलरमधली. ज्यांनी घरी खरंच केलंय त्यांनी काय वापरलं आणि काय अर्ध्यावर सोडलं ते लिहा. ऑनलाइन क्लास कृपया सुचवू नका, पावसात आमच्याकडे लाईट आणि रेंज एकदमच जातात.

हर्णैकर
डॉलर राहूदेत, आधी बालभारतीचं अकरावी आर्ट्सचं तर्कशास्त्र बघा, मराठीत आहे, पीडीएफ फुकट मिळते. विधान म्हणजे काय इथपासून सुरुवात, मग चिन्हं, सत्यता कोष्टकं (विधानं खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यतांचे तक्ते), सिद्धता, पुढे तर्कदोष म्हणजे युक्तिवादातल्या चुकापण आहेत. भाषा रुक्ष आहे, पोराला नुसतं हातात दिलं तर दुसऱ्या दिवशी उशाखाली जाईल, शेजारी बसावं लागतं. आमचा मुलगा 'जर-तर'च्या कोष्टकात अडकला होता, पहिला भाग खोटा असताना अख्खं विधान खरं कसं हे त्याला पटेचना. मग बंदरावरचंच उदाहरण घेतलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. 'बंदी असेल तर ट्रॉलर जाणार नाही.' आता ऑक्टोबरात बंदी नाही आणि तरी ट्रॉलर धक्क्यालाच, वारा आहे किंवा डिझेलचं काहीतरी, तर आपलं विधान खोटं पडलं का? नाही पडलं. ते खोटं पडेल फक्त एकाच वेळी, बंदी असताना कोणी गेला तर. हे कळल्यावर पुढचं तोच बोलला, की मग ट्रॉलर उभा दिसला म्हणून बंदी आहे असंही म्हणता येणार नाही. पुस्तकात पुढे हाच दोष येतो, तोवर याचा झाला होता.

देवगडवरून
आम्ही द फॅलसी डिटेक्टिव्ह हे तर्कदोषांवरचं इंग्रजी पुस्तक घेतलं. छोटे धडे, चित्रं, शेवटी प्रश्न, मुलं एकटी वाचतात. लेखक ख्रिश्चन होमस्कूलवाले आहेत, ते अधूनमधून जाणवतं, आणि उदाहरणं तिकडची, ती आम्ही बदलत गेलो. सीझनला पेटीवर देवगड लिहून भलताच आंबा विकतात, त्यावर मुलीने वहीत लिहिलं, 'देवगड हापूस आतून केशरी असतो, हा आंबा केशरी आहे, म्हणून हा देवगड हापूस.' आणि खाली लाल पेनाने, केशरी तर पायरीपण असतो!! माझ्या मते सुरुवात तर्कदोषांनीच करावी, रोजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच वापरता येतात.

अलिबागचा बाबा
देवगडताई, इथे मी उलटं सांगेन. आधी दोष शिकवले की पोर घरात पोलीस होऊन फिरतं, आजीच्या प्रत्येक वाक्याला शिट्टी. वादाची आवड आहेच तर आधी युक्तिवाद बांधायला शिकवा. ल्युइस कॅरॉलचं द गेम ऑफ लॉजिक, १८८६ चं, कॉपीराइट संपलाय म्हणून फुकट मिळतं. चौकटी आखलेला पट आणि चार लाल, पाच करड्या सोंगट्या. आम्ही गुंजा आणि चिंचोके घेतले. दोन विधानं पटावर मांडायची आणि निष्कर्ष डोळ्यांनी वाचायचा. इंग्रजी जुनं आहे, ते आपण समजावून द्यायचं. कंटाळा आला की रेमंड स्मलियन या तर्कशास्त्रज्ञाची खरं बोलणारे-खोटं बोलणारे वाली कोडी.

कुडाळकर
माझो झील (मुलगा) पंदरा वर्सांचो. पुस्तक काय आमच्याकडे टिकलं नाही. दशावतार मात्र टिकला. त्यात संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उभ्या उभ्या सवाल-जवाब करतात, तर कोणी उत्तर दिलं आणि कोण मुद्दा सोडून समोरच्याच्या कुळावर घसरला हे आम्ही घरी येताना मोजतो. अभ्यासक्रम म्हणा नायतर काय म्हणा.

राजापूरचे आजोबा
नातवाला अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह, म्हणजे न्यायशास्त्र या आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं संस्कृत पुस्तक, थोडा थोडा सांगतो. प्रतिज्ञा (म्हणणं), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लावणं), निगमन (निष्कर्ष) अशी पाच पायऱ्यांची मांडणी. डोंगरावर विस्तव आहे, कारण धूर आहे. आमच्यासमोरच्या डोंगरावर भाजावळीचा धूर दिसतोच, तेव्हा उदाहरण शोधावं लागलं नाही. पण सकाळी धुकं असतं, तर पोराने विचारलं, तो धूरच कशावरून? बरोबर शंका आहे, हेतूच संशयित असेल तर अनुमान उभं राहत नाही. मग उलटं विचारलं, विस्तव तिथे धूर असतोच का? चुलीतले निखारे दाखवले, लालभडक आणि धूर नाही. धूर हवा तर लाकूड ओलं हवं, न्यायशास्त्रात अशा जादा अटीला उपाधी म्हणतात. हा मूळ ग्रंथ छोटा आहे, पण मराठी टीपांसह घ्यावा, नुसतं संस्कृत पुढे करू नये.

गुहागरची आई
सगळ्यांचे आभार, अलिबागचं वाचून सासूबाई जोरात हसल्या, म्हणजे दोष नंतर. आत्ता हर्णैकरांच्या पीडीएफची विधानांची प्रकरणं आणि सोबत तो सोंगट्यांचा पट. हर्णैकर, स्वाध्यायाची उत्तरं तपासायची कशी? माझं स्वतःचं तर्कशास्त्र शून्य आहे.

हर्णैकर
कोष्टकं दोघींनी वेगवेगळ्या कागदावर करा आणि जुळवा. दोन विधानं असतील तर चार ओळी, तीन असतील तर आठ, कमी भरल्या तर तिथेच सापडतं. सिद्धतेला प्रत्येक ओळीपुढे नियमाचं नाव लिहायला लावा, नाव लिहिता आलं नाही की ओळ रद्द.