मुलं पुरावा लिहितात, पण पुराव्यावरून दावा कसा निघाला हे लिहिताच येत नाही. काय करता तुम्ही?

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी आठवीला विज्ञान शिकवते. यंदापासून प्रयोगवहीत नुसतं कृती-निरीक्षण-अनुमान न लिहून घेता दावा, पुरावा आणि तर्क असं वेगवेगळं लिहायला लावतेय. दावा पटकन लिहितात, पुराव्यालाही आता सरावलीत, पण तर्कापाशी गाडी अडते ती अडतेच. परवाचंच बघा. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढलं. एका मुलीने लिहिलं ते जसंच्या तसं देते. दावा: ऑक्सिजन संपला. पुरावा: पाणी वर चढलं. तर्क: पाणी वर चढलं म्हणून ऑक्सिजन संपला.

निम्म्याहून जास्त वह्यांत हेच. मी 'का?' विचारलं तर म्हणते, 'बाई, आम्ही बघितलं ना.' मुलगी हुशार आहे, टाळायचं म्हणून लिहिलेलं नाहीये, तिला खरंच कळत नाहीये की मला अजून काय हवंय. कसं समजावू?

भिंगवाला
ताई, तिचा तर्क दुरुस्त करायच्या आधी तिचा दावाच तपासायला घ्या, कारण तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे आणि तिथेच तुमचं काम होईल.

पाणी नेमकं कधी चढतं ते मुलांना बघू द्या, मोबाईलवर शूट करून स्लो करून दाखवा. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे चढत असेल तर ज्योत जळतेय तोवर हळूहळू चढत राहायला हवं. प्रत्यक्षात बरंचसं पाणी ज्योत विझते त्या वेळी भसकन आत येतं. ग्लास ठेवल्या ठेवल्या कडेने बुडबुडे बाहेर पडतात का तेही बघायला सांगा, बऱ्याचदा पडतात. मग त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लासातला ऑक्सिजन काही वाढलेला नाही, तरी पाणी जास्त चढतं. आता मुलं स्वतःच अडखळतात, आणि अडखळली की मग खरं बोलायला लागतात.

दुसरा दावा असा: ज्योतीने हवा तापली, पसरली, थोडी बाहेर गेली, विझल्यावर उरलेली गार होऊन आकसली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. आता फळ्यावर दोन्ही दावे शेजारी शेजारी लिहा आणि एकेक पुरावा घेऊन विचारा, हा कुणाच्या बाजूचा? 'पाणी चढलं' हा तर दोघांच्याही बाजूचा निघतो, म्हणजे त्याने काहीच ठरत नाही! तिच्या वहीतला एकुलता एक पुरावा नेमका तोच आहे.

आणि तर्क म्हणजे काय ते मी मुलांना असं सांगतो: तर्कात निदान एक वाक्य असं हवं जे या प्रयोगात डोळ्यांना दिसलेलं नाही. 'हवा गार झाली की आकसते' हे ग्लासात दिसत नाही, तो आधी शिकलेला नियम आहे. तो मधे घातल्याशिवाय पुराव्यावरून दाव्यापर्यंत जाताच येत नाही.

जमलं तर जोडीला स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा गुंता, घ्या. साधं गंजणारं, स्टेनलेस नको. ओलं करून परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवा, नळी पाण्यात उपडी ठेवा आणि दोनतीन दिवस सोडून द्या. इथे उष्णतेचा संबंधच नाही, तरी पाणी साधारण एक पंचमांश चढून थांबतं, कारण हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि गंज तो हळूहळू खातो. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीची कल्पना टाकाऊ नाही, फक्त मेणबत्तीच्या बाबतीत ती मुख्य कारण नाही. हे तिला आवर्जून सांगा.

रोपवेडी
भिंगवाला यांच्या 'न दिसलेल्या वाक्या'ला +१. मी यासाठी सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगते. या माणसाने सुमारे ९० किलो सुकी माती तोलून कुंडीत भरली, त्यात सव्वादोन किलोच्या आसपासचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड जवळपास ७७ किलोचं झालं आणि माती जेमतेम ५०-६० ग्रॅम कमी भरली. हे सगळं त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापून आलं. पुरावा बघा किती चोख. त्यावरून 'झाड मातीपासून बनत नाही' हे ठामपणे म्हणता येतं. पण तो पुढे म्हणाला की झाड पाण्यापासूनच बनलं, कारण त्याच्या तर्कात एक वाक्य गृहीत होतं: बाहेरून झाडात फक्त पाणीच गेलं. हवा त्याने मोजलीच नव्हती.

मी मुलांना ते गृहीत वाक्य शोधायला लावते. मोजमाप बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो हे त्यांना पहिल्यांदा तिथे जाणवतं, वर्ग एकदम शांत होतो.

नवाशिक्षक
माझं मत थोडं वेगळं आहे. दर प्रयोगाला तीन चौकटी भरायला लावल्या की मुलांना तो फॉर्म वाटायला लागतो. महिनाभर लिहायला लावूच नका, जोडीजोडीने एकमेकांना पटवू द्या. समोरचा 'मला नाही पटलं' म्हणाला की तर्क आपोआप तोंडातून बाहेर येतो. मग लिहायच्या वेळी 'आपल्याला माहीत आहे की…' एवढी सुरुवात फळ्यावर द्या, पुरते.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज तीन मेणबत्त्यांचा प्रयोग केला आणि नवाशिक्षक म्हणाले तसं आधी नुसतं बोलू दिलं, अख्खा तास गेला पण गेला तो सार्थकी. त्याच मुलीने शेवटी लिहिलं: 'मेणबत्त्या वाढवल्यावर पाणी जास्त चढलं. ऑक्सिजन तेवढाच होता. आपल्याला माहीत आहे की हवा जास्त तापली की जास्त पसरते, म्हणून विझल्यावर जास्त आकसली असणार.' त्यातलं 'असणार' वाचून फार बरं वाटलं मला.

आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला की मेणबत्ती जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मग तो ग्लासात जागा घेत नाही का. मी उत्तर दिलं नाही. चुन्याची निवळी करून ठेवलीये, तो वायू तयार होतो हे तरी उद्या त्यांनाच दाखवू दे, जागेचं नंतर बघू.